धक्का आणि बैठक

"रागाच्या भरांत बोलून गेलों, मनांत तसें कांहीं नव्हतें," हें वाक्य ज्यानें आयुष्यांत एकदांही उच्चारलें नाहीं असा मनुष्य विरळा. आणि दुसऱ्याच्या तोंडून तें ऐकतांना ज्यानें मनांतल्या मनांत शंका घेतली नाहीं असाही विरळाच. या एवढ्याशा वाक्यांत एक संपूर्ण नीतिशास्त्र सांठविलेलें आहे. बोलणारा असें सुचवीत असतो कीं, कृत्य माझ्या हातून झालें खरें, पण तें माझें नव्हे; एक धक्का आला, त्या धक्क्यानें माझी जीभ किंवा माझा हात हालविला, आणि मी स्वतः त्या वेळीं तेथें हजरच नव्हतों. कायद्यानेंही ही सबब अगदींच फेटाळलेली नाहीं. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळें मनावरचा ताबा सुटून घडलेला मनुष्यवध हा खुनाहून कमी दर्जाचा अपराध होय, असें १८६० च्या भारतीय दंडसंहितेनें मानलें होतें. आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही तो अपवाद कायम आहे. मात्र दोन्हींकडे एक अट आहे: तो प्रक्षोभ आरोपीनें आपण होऊन ओढवून घेतलेला नसावा. म्हणजे कायदाही केवळ धक्क्याच्या क्षणाकडे पाहून थांबत नाहीं. त्या क्षणाच्या मागें जाऊन, मनुष्य तेथवर कसा आला, हें तो विचारतो.

धक्क्याच्या क्षणीं मनुष्य जें करतो त्याची जबाबदारी त्याच्यावर किती, हा प्रश्न जुना आहे व त्यावर मोठमोठ्या विचारवंतांनीं लिहिलेलें आहे. त्यांतलें थोडेंसें मींही वाचलें होतें. परंतु त्या प्रश्नाचें मर्म मला प्रथम जाणवलें तें ग्रंथालयांत नव्हे, तर उतारवयांत, परदेशीं, एका चांदमारीच्या मैदानावर, सिमेंटच्या मेजाशीं बंदूक घेऊन बसलों असतां. बंदुकीचा आणि नीतीचा असा संबंध जोडलेला पाहून कोणी वाचक हंसतील. त्यांनीं थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया संस्थानांत माझा पुतण्या राहतो. त्याच्याकडे कांहीं आठवडे राहण्याचा योग आला असतां, तो दर शनिवारीं मला आपल्याबरोबर चांदमारीस नेऊं लागला. आपल्याकडे नेमबाजी म्हटली कीं निराळें चित्र डोळ्यांपुढें येतें. २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्निल कुसळे यांनीं ज्या ५० मीटर रायफलच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, तींत गुडघा टेकून, पालथें पडून आणि उभें राहून अशा तीन आसनांत बंदूक स्वतःच्या अंगावर तोलावी लागते. मेजावरील नेमबाजीचा प्रकार याच्या उलट आहे. तेथें पुढच्या बाजूस बंदुकीच्या लांकडाखालीं वाळूची पिशवी बसविलेला टेकू असतो, मागें दस्त्याखालीं सशाच्या कानांसारखे दोन कान असलेली दुसरी पिशवी असते, आणि नेमबाज स्टुलावर बसतो. बंदुकीचा भार तो वाहत नाहीं, मेज वाहतें. या खेळाला वाहिलेली नॅशनल बेंचरेस्ट शूटर्स असोसिएशन ही संस्था १९५१ सालीं स्थापन झाली. तिच्या गटाच्या सामन्यांत गोळी निशाणाच्या मध्याला लागली कीं नाहीं हें पाहत नाहींत. एकामागून एक झाडलेल्या पांच गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या, हें मोजतात. १०० यार्डांवरून झाडलेल्या पांच गोळ्यांचा विस्तार पाव इंचाच्या आंत ठेवणारे नेमबाज तेथें आहेत.

प्रथम मला हें थोडें पोरकट वाटलें. ओझें मेजानें वाहिलें, नेम दुर्बिणीनें साधला, मग मनुष्यानें केलें काय? या शंकेचें उत्तर मला जें मिळालें तेंच या लेखाचें कारण आहे.

त्यासाठीं धक्क्याची थोडी चिकित्सा केली पाहिजे. न्यूटननें १६८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत गतीचा जो तिसरा नियम सांगितला, त्याचें बंदुकीइतकें रोकडें उदाहरण दुसरें नसेल. गोळी ज्या जोरानें पुढें लोटली जाते, त्याच जोरानें बंदूक मागें लोटली जाते. अमेरिकन लष्करानें १९०६ सालीं स्वीकारलेलें आणि शिकाऱ्यांच्या आवडीचें असलेलें .३०-०६ हें काडतूस घ्या. त्याची ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदास सुमारें ८२० मीटर वेगानें सुटते. तिच्यामागून निघणाऱ्या जळत्या दारूच्या वायूचा हिशेब धरला, तर ४ किलोग्रॅम वजनाची रायफल सेकंदास साडेतीन ते पावणेचार मीटर वेगानें खांद्यावर येते. बंदूक जितकी हलकी, तितका हा वेग अधिक.

आतां खरी महत्त्वाची गोष्ट. दारू पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत सेकंदाच्या हजाराव्या भागाहून किंचित् अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळांत बंदूक सुमारें दोन मिलिमीटर मागें सरकलेलीही असते. म्हणजे धक्का गोळी गेल्यानंतर येतो हा समज खोटा आहे, गोळी अजून नळींत असतांनाच तो सुरू झालेला असतो. आणि मनुष्यास कोणत्याही खुणेला साधें प्रत्युत्तर द्यावयाचें म्हटलें तरी सेकंदाचा पांचवा भाग लागतो. धक्का जाणवून, "बंदूक आवरली पाहिजे" असा विचार मनांत येऊन, हात आवळला जाईपर्यंत गोळी निशाण भेदून गेलेली असते. तेव्हां धक्क्याला धक्क्याच्या क्षणीं उत्तर देणें जगांतल्या कोणत्याही नेमबाजाला शक्य नाहीं. त्या क्षणीं शूर आणि भित्रा, संयमी आणि उतावळा, सारे सारखेच परतंत्र असतात. आणि तरीसुद्धां एकाच्या पांच गोळ्या एका छिद्रांत जातात व दुसऱ्याच्या वीतभर पसरतात. हा फरक त्या क्षणांत पडलेला नसतो, हें उघड आहे. मग तो कोठें पडतो?

तो पडतो बैठकींत. त्या मैदानावर नवशिक्यांना शिकविणारे एक वृद्ध गृहस्थ होते. मितभाषी, कानांनीं थोडे अधू, आणि बंदुकीपेक्षां स्टुलाकडे अधिक लक्ष देणारे. मी पहिल्यांदा मेजाशीं बसलों तेव्हां त्यांनीं बंदूक उचलून बाजूला ठेवली आणि माझे पायच पाहिले. पाय दुमडून स्टुलाखालीं घेतले होते. त्यांनीं ते पुढें घेऊन जमिनीवर सपाट टेकविले. मी मेजावर ओणवा झालों होतों. त्यांनीं टेकू आणि पिशवी दोन्ही उंच करून मला सरळ बसविलें. उभा नेमबाज वेताच्या काठीसारखा असतो, धक्का आला कीं कमरेपासून मागें लवतो आणि धक्का जिरवितो. मेजावर ओणवें होऊन बसलेल्याचें शरीर मात्र अडकलेलें असतें. त्याला मागें लवतां येत नाहीं, आणि दस्ता खांद्याच्या खळग्यांत बसण्याऐवजीं गळ्याच्या हाडावर आदळतो. म्हणूनच तीच बंदूक मेजावरून झाडली असतां अधिक लाथाडते असा अनुभव येतो. आधार जितका भक्कम, तितकी बसण्याची चूक महाग पडते, हें प्रथम तेथें कळलें.

नवशिक्याच्या हातून दोन तऱ्हेच्या चुका होतात आणि दोन्हींचें मूळ भीतींत आहे. कोणी बंदूक गळा दाबल्यासारखी आवळतो. तिचे स्नायूंबरोबर कंप सुरू होतात. कोणी उलट भिऊन दस्ता खांद्यापासून बोटभर दूर धरतो. मग बंदूक रिकाम्या जागेंतून वेग घेऊन येते आणि दुप्पट लागते. मारक्या बैलाला धांवायला जागा करून देण्यासारखें तें आहे. जड धक्क्याच्या बंदुकीचा दस्ता खांद्याला नीट चिकटलेला असावा, म्हणजे बंदूक आणि मनुष्य मिळून एकच वजन होतें व तें वजन हळू हलतें. अंग बंदुकीच्या मागें सरळ असावें. तिरकें असल्यास बंदूक उसळून एका बाजूस जाते. डोळा दुर्बिणीपासून तीन-चार इंच मागें असावा. नाहींतर दुर्बिणीची कडा भुंवईवर अर्धवर्तुळाकार जखम करते. आपल्याकडे कपाळावर चंद्रकोर हौसेनें रेखतात. तेथें ती अधीरपणाची खूण समजतात. पुढचा टेकूही कठीण नसावा. लांकडावर किंवा दगडावर टेकलेली बंदूक उसळी घेते, वाळूवर टेकलेली शांत राहते. उत्तम नेमबाज हलक्या धक्क्याच्या बंदुकीला जवळजवळ स्पर्शही न करतां ती मोकळी मागें येऊं देतात. पद्धत कोणतीही असो, नियम एकच: पहिल्या गोळीला जसे बसलां, तसेच पांचव्या गोळीला बसलें पाहिजे.

याहूनही मोलाची गोष्ट त्या वृद्धांनीं दुसऱ्या शनिवारीं दाखविली. मीं मोठ्या कष्टानें दुर्बिणींतली फुली निशाणाच्या मध्यावर आणली होती. ते म्हणाले, "आतां हात काढून घे." मीं हात काढला मात्र, फुली हळूच सरकून निशाणाच्या उजवीकडे चार बोटें जाऊन स्थिरावली. म्हणजे बंदूक आपण होऊन तेथें पाहत होती, आणि मी तिला मनगटाच्या जोरानें मध्यावर ओढून धरली होती. त्यांनीं सांगितलें कीं, जोरानें ओढून धरलेली बंदूक धक्क्याचा प्रारंभ होतांच आपल्या मूळ जागेकडे निसटते. मनगटाला जोर लावून नेम साधूं नये. पिशवी सरकवावी, स्टूल सरकवावें, स्वतः सरकावें. हात काढून घेतला तरी फुली मध्यावर राहिली, कीं मगच चापाला बोट लावावें.

आपण ज्याला निग्रह म्हणतों तो पुष्कळदां मनगटाचा जोर असतो. मन पाहत असतें एकीकडे, आणि आपण त्याला ओढून धरतों दुसरीकडे. शांत वेळीं हें खपतें. पाहणाऱ्याला फुली मध्यावरच दिसते. पण धक्का आला कीं जोर सुटतो आणि मन मूळ जागीं जातें. मग आपण म्हणतों, "छे, तो मी नव्हेच!" खरें पाहतां, जोर सुटल्यावर बंदूक जेथें गेली तेंच तिचें घर होतें. आपल्या भाषेंत बैठक या शब्दाला बसण्याचें आसन आणि विचारांचा पाया असे दोन्ही अर्थ आहेत. ज्यानें कोणी हे दोन अर्थ प्रथम एकत्र आणले, तो मोठा अनुभवी असला पाहिजे. पतंजलींनीं योगसूत्रांत आसनाचीं लक्षणें दोनच सांगितलीं आहेत, स्थैर्य आणि सुख. आणि तें साधण्याचा उपाय म्हणून अधिक प्रयत्न न सांगतां प्रयत्न शिथिल करण्यास सांगितलें आहे. हें मीं तरुणपणीं वाचलें तेव्हां मला तें अलंकारिक वाटलें होतें. तें अक्षरशः खरें आहे हें वाळूच्या दोन पिशव्यांनीं दाखवून दिलें.

तिसऱ्या शनिवारीं माझी परीक्षा झाली. माझ्या गोळ्या आतां बऱ्या पडूं लागल्या होत्या आणि मला थोडा अभिमानही वाटूं लागला होता. त्या दिवशीं काडतुसें त्या वृद्धांनीं स्वतः भरलीं. दोन गोळ्या नीट सुटल्या. तिसऱ्या वेळीं मीं श्वास सोडला, चाप हळूहळू दाबला, "टक्" असा आवाज झाला, आणि दुसरें कांहींच झालें नाहीं. त्यांनीं मुद्दाम एक निर्जीव काडतूस मधें घातलें होतें. परंतु कांहींच झालें नाहीं असें तरी कसें म्हणावें? टेकूवर निश्चल असावयाची बंदूक माझ्या हातांखालीं दचकली, तिचें तोंड खालीं गेलें, माझा खांदा पुढें झेपावला आणि डोळे घट्ट मिटले. धक्का आलाच नव्हता, आणि मी त्याला प्रत्युत्तर देऊन मोकळा झालों होतों! खऱ्या काडतुसाच्या आवाजांत आणि धक्क्यांत हें सारें लपून जात असे. रिकाम्या काडतुसानें माझें बिंग फोडलें. ते वृद्ध हंसले नाहींत. "प्रत्येक वेळीं तूं हेंच करीत होतास," एवढेंच म्हणाले.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं, आणि त्याचें कारण बंदूक नव्हतें. मी आयुष्यभर शिक्षक होतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका वर्गांत, मी एक प्रमेय समजावून देत असतां, मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पण हें असेंच कां?" मला तो प्रश्न म्हणजे माझ्या ज्ञानावर घेतलेला संशय वाटला. मीं त्याला असें कांहीं बोललों, त्याच्या बापाच्या धंद्याचा उल्लेख करून असें कांहीं, कीं सारा वर्ग हंसला. तो खालीं बसला. त्यानंतर त्यानें माझ्या तासाला तोंड उघडलें नाहीं, आणि पुढच्या वर्षीं तो शाळेंत आला नाहीं. तो माझ्या बोलण्यामुळेंच आला नाहीं असें मी म्हणूं शकत नाहीं. घरच्या अडचणीही असतील. पण नव्हेच, असेंही म्हणूं शकत नाहीं. इतकीं वर्षें मीं स्वतःची समजूत घातली होती ती हीच: त्या दिवशीं डोकें ठिकाणावर नव्हतें, रागाच्या भरांत बोलून गेलों.

तो निर्जीव काडतुसाचा "टक्" आवाज ऐकल्यावर ही समजूत टिकेना. कारण त्या मुलाच्या प्रश्नांत धक्का नव्हताच. तें रिकामें काडतूस होतें. त्याला खरोखरच "कां" हें हवें होतें. अपमान येणार या अपेक्षेनें मी आधींच दचकलों, आणि जो आघात झाला तो सर्वस्वी माझा होता. आपण धक्क्यांना उत्तर देतों असें आपल्याला वाटतें. वस्तुतः पुष्कळदां आपण अपेक्षित धक्क्यांना उत्तर देत असतों, आणि तेवढ्यानें गोळी भलतीकडे जाते. मग ज्या वेळीं धक्का खरोखरच येतो, त्या वेळीं त्याच्या गडगडाटांत आपलें दचकणें लपून जातें, आणि सारा दोष बंदुकीवर टाकण्याची सोय होते.

आणखी एक गोष्ट. असें कठोर बोलून गेल्यावर आपण म्हणतों, "त्याला जितकें लागलें तितकेंच मलाही लागलें." मुलाला मारणारा बापही हेंच म्हणतो. यांत खोटें कांहीं नाहीं, पण पुरतें खरेंही नाहीं. न्यूटनचा हिशेब सांगतो कीं पुढचा आणि मागचा रेटा सारखा असतो. परंतु वर सांगितलेल्या गोळीच्या अंगीं सुमारें ३,९०० जूल ऊर्जा असते, तर मागें येणाऱ्या बंदुकीच्या अंगीं सुमारें २७. रेटा तोच, पण एकानें खांदा दुखतो आणि दुसऱ्यानें हाड फुटतें. माझा खांदा दुखला होता हें खरें. त्यावरून हिशेब चुकता झाला असें मी आजवर मानीत आलों, ही माझी दुसरी चूक.

आतां जुन्या विचारवंतांकडे वळूं. रोमन तत्त्वज्ञ सेनेका यानें क्रोधावरील आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें आहे कीं, मनाची पहिली हालचाल आपल्या स्वाधीन नसते. अंगावर थंड पाणी पडलें कीं शहारा येतो, तशी ती येते. तिच्याबद्दल दोष नाहीं. दोष आहे तो तिला बुद्धीची संमति देण्यांत. हें मत उदार आहे, पण बंदुकीच्या मेजाशीं बसलेल्याला त्यांत एक उणीव दिसते. शहारा आणि संमति यांच्यामध्यें थांबून विचार करण्यास अवसर असतो, असें सेनेका धरून चालतो. पुष्कळ प्रसंगीं तो असतोही. आणि तेथें त्याचा उपदेश सोन्यासारखा आहे. परंतु जीभ सुटण्यास जेथें पापणी लवण्याइतकाच वेळ लागतो, तेथें संमति केव्हां दिली जाते? मला वाटतें, ती आधींच देऊन ठेवलेली असते. तो मुलगा उभा राहण्यापूर्वीं कितीतरी वर्षें, "मागच्या बांकावरून येणारा प्रश्न हा उद्धटपणाच असतो," या म्हणण्याला मीं रोज थोडी थोडी संमति देत आलों होतों. त्या दिवशीं फक्त चाप ओढला गेला.

ॲरिस्टॉटल अधिक कठोर आहे. हातांतून सुटलेला दगड परत घेतां येत नाहीं, तरी तो फेंकणें न फेंकणें आपल्या हातीं होतें. तसेंच, वाईट स्वभाव एकदां बनल्यावर तो इच्छामात्रें टाकतां येत नसला, तरी तसा बनणें न बनणें प्रारंभीं आपल्या हातीं होतें, असें त्यानें आपल्या नीतिशास्त्रांत म्हटलें आहे. आमच्या महाभारतांत हाच विचार सौप्तिकपर्वांत कथारूपानें आला आहे. अश्वत्थामा आणि अर्जुन दोघांनींही महाअस्त्रें सोडलीं. नारद आणि व्यास मध्यें उभे राहिले. अर्जुनानें आपलें अस्त्र परत घेतलें. अश्वत्थाम्याला तें घेतां येईना, आणि अखेर तें पांडवस्त्रियांच्या गर्भांवर गेलें. अस्त्र दोघांजवळ सारखेंच होतें. मागें घेण्याची शक्ति मात्र आयुष्यभराच्या व्रतानें मिळते, ती त्या घटकेला कितीही इच्छा झाली तरी मिळत नाहीं, असें तेथें सांगितलें आहे. अश्वत्थामाही म्हणूं शकला असता, "मी रागाच्या भरांत होतों." व्यासांनीं तें ऐकून घेतलें नसतें.

येथें कोणी म्हणेल कीं, सारें श्रेय तुम्हीं बैठकीला दिलें. परंतु मारेकऱ्याचीही बैठक उत्तम असूं शकते. हा आक्षेप मला मान्य आहे. मेजावरील नेमबाजी गोळ्या एकत्र पडल्या कीं नाहीं तेवढें पाहते. त्या कोठें पडाव्या हें ती सांगत नाहीं. स्थैर्य म्हणजे सद्गुण नव्हे. तथापि स्थैर्याचा सद्गुणाला एक उपयोग आहे. ज्याच्या पांचही गोळ्या मध्यापासून चार बोटें उजवीकडे एकत्र पडतात, त्याची चूक दुर्बिणीचा खिळा थोडा फिरविल्यानें दूर होते. ज्याच्या गोळ्या चोहींकडे विखुरतात, त्याला कोणता खिळा फिरवावा हेंच कळत नाहीं. जो मनुष्य एकाच तऱ्हेनें चुकतो त्याला सुधारतां येतें. जो दर वेळीं निराळ्या धक्क्याचें निमित्त सांगतो, त्याची चूक शोधावयाची कोठें?

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. प्रत्येकाला मेज मिळतें काय? हलकी बंदूक अधिक लाथाडते. ज्याच्या आयुष्याला पोटभर अन्नाचें, मानाचें, निवांत झोंपेचें वजन मिळालें नाहीं, त्याच्यावर आलेला लहानसा धक्काही मोठा होऊन आदळतो. ज्याला लहानपणापासून खरेच धक्के बसले, त्याचें दचकणें ही चूक नसून शहाणपण होतें. त्याला भलतें वळण लावण्यास इतरच कारण झाले. अशा मनुष्याला, "तुझी बैठक चुकली," असें सुनावण्याचा अधिकार, ज्याला मेज, पिशव्या आणि शिकविणारा मिळाला त्याला नाहीं. म्हणून या विचारापासून मी दोन निराळे नियम काढतों. दुसऱ्याच्या धक्क्याचा न्याय करावयाचा असेल तर त्याला बसावयास काय मिळालें होतें तें आधीं पाहावें. स्वतःचा न्याय करावयाचा असेल तर धक्क्याचें नांवही काढूं नये. मला सर्व कांहीं मिळालें होतें.

बैठक सुधारावयाची ती केव्हां, हाही प्रश्न उरतो. धक्क्याच्या क्षणीं तर नव्हेच. त्या खेळाच्या सामन्यांत पांच गोळ्या झाडण्यास सात मिनिटें देतात. पांचही गोळ्यांचा नळींतला प्रवास मिळून सेकंदाचा शंभरावा भागही होत नाहीं. बाकीचा सारा वेळ बसण्याचा, वारा पाहण्याचा, पिशवी सारखी करण्याचा. आपण आयुष्याच्या कथा सांगतों त्या त्या शंभराव्या भागाच्या. पण त्या कथा ठरतात मधल्या निवांत वेळांत, जेव्हां कांहींच घडत नाहीं असें वाटतें. दचकणें घालविण्याचा उपायही त्या वृद्धांनीं सांगितला तो असाच साधा होता. लहान काडतुसाची, जवळजवळ धक्काच नसलेली बंदूक घेऊन पुष्कळ दिवस बसावें. कान नीट झांकावे, कारण अर्धी भीति आवाजाची असते. चाप इतका हळू दाबावा कीं तो नेमका केव्हां सुटेल हें आपल्यालाही कळूं नये. आणि मधून मधून कोणाकडून तरी रिकामें काडतूस भरवून घ्यावें. यांत शौर्याचा भाग कोठेंच नाहीं.

परत येण्यापूर्वींच्या शेवटच्या शनिवारीं त्यांनीं माझ्या नकळत पुन्हां तसें काडतूस घातलें. "टक्" झालें. बंदुकीचें तोंड हललें, पण पूर्वींच्या निम्म्यानें. मी त्यांच्याकडे पाहिलें. शाबासकी दिली नाहीं, स्टुलाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "नीट बैस, आणि पुन्हां."

तो विद्यार्थी आज कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं, आणि त्याची क्षमा मागण्याची वेळ बहुधा गेली आहे. आतां मी कोणत्याही वर्गाला शिकवीत नाहीं. पण घरांत नातवंडें आहेत, आणि "आजोबा, पण हें असेंच कां?" असें तीं दिवसांतून दहा वेळां विचारतात. प्रश्न आला कीं माझा खांदा अजून किंचित् पुढें जातो. अशा वेळीं मी पाय जमिनीला नीट टेकतों, आणि मगच तोंड उघडतों. तीं सारीं रिकामीं काडतुसें असतात. फक्त हें कळण्यास मला फार वर्षें लागलीं.